चकातलं काळं

चक बिट धरत नसला की गिऱ्हाईक म्हणतं, "मिस्त्री, नवा टाका." मी नवा टाकत नव्हतो. जुना उघडत होतो. लातुरात जळालेल्या मोटारींत तार भरणारे पुष्कळ होते, चक उघडणारा मी एकटा.

दिवाळी अंकवाले दुकानात येऊन म्हणाले, "आप्पा, धंद्यातले अनुभव लिहून द्या. कसे शिकलात, कसे मोठे झालात." मोठा कुठं झालो? दुकान तेव्हा बारा फुटांचं होतं, आजही तेवढंच आहे. शाळा माझी चौथीपर्यंत, तीही मुदखेडजवळच्या खेड्यात, मास्तर आले तर भरायची. मी नाही म्हणालो. दोन दिवसांनी मीच निरोप पाठवला, लिहितो म्हणून. कारण एक गोष्ट मी ह्या गावाला चाळीस वर्षं खोटी सांगत आलो. खरी जिला ठाऊक होती ती माझी बायको पौषात गेली. ती होती तोवर मी तिला नावानं हाक मारली नाही, आमच्यात तशी रीत नव्हती. आता लिहितो. महानंदा.

बाहेरच्या माणसाला आधी चक सांगतो. ड्रिल मशीनच्या तोंडाशी लोखंडी मूठ असते, तो चक. बिट, म्हणजे भोक पाडायची पिळाची सळई, त्यात धरायचं. आत तीन जबडे असतात, बोटाच्या पेराएवढे, पाठीवर पेच कापलेले. बाहेरची दातेरी बांगडी चावीनं फिरवली की तिन्ही जबडे तिरके पुढं सरकतात आणि बिटाला तीन बाजूंनी दाबतात. पण तिन्ही जबडे सारखे नसतात. एकाचा पेच वरून सुरू, दुसऱ्याचा जरा खालून, तिसऱ्याचा त्याहून खालून. म्हणून त्यांचा क्रम ठरलेला. क्रम चुकला की एक जबडा पुढं, एक मागं, आणि बिट लंगडत फिरतं. कारखान्यातून येताना त्यांच्यावर आकडे असतात, ते वापरून पुसून जातात. मग क्रम माणसालाच सांभाळावा लागतो.

चावी घालायला बांगडीभोवती तीन भोकं असतात. सगळं जग एकाच भोकात चावी घालून पिळतं आणि म्हणतं, झालं घट्ट. तसं होत नाही. एकाच अंगाला ताण बसतो. तिन्ही भोकांत पाळीपाळीनं पिळायचं असतं. नांदेडात जुन्या मोंढ्याजवळ मी ज्या उस्तादांकडं शिकलो ते डोक्यात टपली मारून म्हणायचे, "तीनों में घुमा रे. एक में घुमाया तो वो तेरे कू घुमाती."

उस्तादांनी मला दुसरी एक विद्या दिली. काळं ग्रीस. बॅटरीचे संपलेले सेल फोडायचे, आतली कोळशाची कांडी काढायची, खलबत्त्यात पीठ करायचं, फडक्यातून गाळायचं आणि ग्रीसमध्ये कालवायचं. हे पेचाला लावलं की चक लोण्यासारखा फिरतो. लातुरात हे काळं फक्त माझ्या दुकानात होतं. चक मी उघडलेला आहे की दुसऱ्या कुणी, हे मी आत एक बोट घालून सांगायचो. मला त्याचा लई गर्व. अजून आहे थोडा.

कोळसा कुटायची महानंदा. घर दुकानाच्या मागं, मधे एक दार. ती औशाची, शाळा माझ्याहून एक इयत्ता कमीच. पण चक उघडला की जबडे तिच्या हाती. डाव्या हाताच्या चार बोटांत तीन फटी होतात. पहिला जबडा अंगठ्याकडच्या फटीत, मग दुसरा, मग तिसरा. तसे धरून उजव्या हातानं बाकीचे भाग रॉकेलमध्ये धुवायची. कुणी आलं-गेलं तरी मूठ सैल करायची नाही. एकदा शेजारीण म्हणाली, "हात मोडला का गं बाई?" ही म्हणाली, "मोडला न्हाई, भरलाय." माझ्या हातून क्रम कधी चुकत नाही असं मी गिऱ्हाइकाला मिशी पिळून सांगायचो. चुकत नव्हती ती.

गिऱ्हाईक तऱ्हेतऱ्हेचं. एका दालमिलचा फिटर बिटाला सुतळी गुंडाळून ते चकात हातोडीनं ठोकायचा. "धरतंय की आप्पा!" मी म्हणायचो, "धरत न्हाई, अडकतंय. धरणं आन अडकणं येगळं." तो म्हणायचा, "माझं लगीन झाल्यापासनं मला काय फरक कळंना." महानंदा आतून हसायची, ते दुकानात ऐकू यायचं.

आता ती गोष्ट.

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. कचेऱ्या, क्वार्टर, दवाखाने, जिकडं बघावं तिकडं भिंती उठत होत्या. त्या कामाच्या वासावरच मी नांदेड सोडून इथं आलो. जिल्हा मिळाला पण पाऊस मिळाला नाही. भिंतींना मारायला पाणी टँकरचं, प्यायला पाणी टँकरचं. महानंदा पहाटे रांगेत उभी राहायची. दिवसाला दोन घागरी. एक स्वयंपाकाची, एक बाकी सगळ्याची.

जिल्हा झाला म्हणून हाडाचे एक डॉक्टर आले आणि आमच्या दोन गल्ल्या पलीकडं त्यांनी दवाखाना घातला. नाव लिहीत नाही, ते आता हयात नाहीत. त्याआधी हाड मोडलं की सोलापूर, नाहीतर पाला बांधणारा बाबा. डॉक्टरांचा कंपाउंडर बाबूराव एक दिवस चक घेऊन आला. बिट धरत नव्हता.

"कशाला वापरायलाव?" मी विचारलं.

"दवाखान्याच्या खिडक्या बसवायलोत, आप्पा."

मी उघडला. जबड्यांची तोंडं झिजली होती, ती घासून सरळ केली, पेचांत गच्च काळं भरलं आणि दिला. नेहमीपेक्षा जरा जास्तच भरलं. दवाखान्याचं काम, नाव होईल म्हणून.

पंधरा-वीस दिवस गेले. सकाळी अकरा-साडेअकराला बाबूराव सायकल टाकून दुकानात घुसला. घामानं न्हालेला.

"आप्पा, चला. मशीन बिट सोडायलंय."

"येतो दुपारून. खिडकी काय पळून जायलीय का?"

"खिडकी न्हाई आप्पा." त्यानं मागं बघितलं आणि आवाज खाली आणला. "बाई हाय टेबलावर."

मला कळेना. हत्यारांची पिशवी उचलली आणि निघालो. वाटेत त्यानं सांगितलं. हाडाला भोक पाडायचं खास यंत्र मागवलं होतं, आलं नव्हतं. तोवर डॉक्टर बाजारातल्या ड्रिल मशीनवर काम भागवत होते. चक आणि बिट उकळून घ्यायचं, मशीनला उकळलेलं फडकं गुंडाळायचं. "लोकांना कळलं तर म्हणतील सुतारकाम करतोय, म्हून खिडक्या सांगितलं." डॉक्टरांना मी दोष देत नाही. यंत्र येईपर्यंत लोकांनी काय मोडलेलं हाड हातात घेऊन बसायचं?

टेबलावर होती सोजरबाई. औसा रोडवरच्या एका गावची, तिशीतली. गावात विहीर खोल करायचं काम चाललं होतं, ती खाली दगड भरून द्यायची. विहिरीतून दगड वर ओढायचा लाकडी सांगाडा असतो, त्याला यारी म्हणतात. यारीचा दोर तुटला आणि भरलेलं टोपलं हिच्या पायावर आलं. नडगीच्या हाडाचे तुकडे. डॉक्टर त्यावर पोलादी पट्टी बसवत होते, सहा स्क्रूंची.

चपला काढल्या, तोंडाला फडकं बांधलं. डॉक्टर म्हणाले, "उंबऱ्याच्या आत येऊ नका मिस्त्री, तिथूनच बघा. दोन भोकं पडली. तिसऱ्याला बिट हाडात उभं राहतंय आणि चक नुसता भोवती फिरतोय. कंबरेत सुई दिली आहे, फार तर सव्वा तास आणखी चालेल. एक वाजता लाईट जाणार. तुमचं झालं की मला चक परत वीस मिनिटं उकळावा लागेल. हिशेब तुम्हीच करा."

हिशेब सोपा होता. माझ्या वाट्याला अर्धा तास.

बाबूरावनं मशीन माझ्यापुढं धरलं. चकाच्या तोंडातून काळं निथळून फडक्यावर उतरलं होतं. मी मान वर करून टेबलाकडं बघितलं. सोजरबाईच्या पायावर अंथरलेल्या कापडावर, कापलेल्या जागेच्या अगदी कडेला, तसेच दोन काळे ठिपके.

ते काळं माझं होतं.

उकळत्या पाण्यात ग्रीस पातळ झालं आणि पेचांतून जबड्यांच्या तोंडाशी आलं. तेलकट जबड्यांत तेलकट बिट. ते धरणार कसं? आणि फिरता फिरता किती उडालं, कुठं उडालं, देव जाणे.

डॉक्टरांचीही नजर फडक्यावर गेली. "हे काळं काय आहे, मिस्त्री?"

माझ्या तोंडातून निघालं, "गंज हाय साहेब."

"गंजच ना?"

"हाव."

"मग तो उकळलेलाच आहे," असं ते स्वतःशी म्हणाले आणि पाय झाकून घेतला.

मी हे का बोललो ते सांगतो, सोंग करत नाही. गावात नवा होतो. कंत्राटदार नुकते मशिनी द्यायला लागले होते. मनात एकच आलं, उद्या सगळं लातूर म्हणेल, ह्या मिस्त्रीनं बाईच्या हाडात ग्रीस भरलं. बाई मनात आलीच नाही. चावी भोकात घातली, हातोडीचा एक ठोका दिला, चक मशीनवरून सुटला. तो मुठीत धरून मी घराकडं पळत सुटलो.

महानंदा पीठ मळायला बसत होती. परात बाजूला सारून उठली. मी चक बाकावरच्या वाइसच्या पकडीत आवळला, पाइपाचा तुकडा लावून बांगडी ठोकून उतरवली. आतला नट दोन तुकड्यांचाच असतो, तो निघाला. जबडे ढकलले, तिनं ते फटींत घेतले. एक, दोन, तीन. उजवा हात रॉकेलच्या डब्यात गेला, वर आला, काळा. तिनं बोटं एकमेकांवर चोळली.

"आवं, हे तर आपलं काळं."

"हां."

"दवाखान्यात ह्याचं काय करायलेत?"

"बाईच्या हाडाला भोकं पाडायलेत."

तिचा हात थांबला नाही. ब्रशनं पेच घासत राहिली. "हाडात गेलंय का?"

"मला काय ठावं!"

"डॉक्टरनी इचारलं न्हाई, काळं कशाचं म्हून?"

"इचारलं."

"मग?"

"गंज म्हणलो."

रॉकेलचा वास होता, घासायचा आवाज होता. ती म्हणाली, "जाऊन सांगा."

"येडी हायस का? दुकान बसंल आपलं."

"दुकान बसंल तर उठंल परत. ती बाई उठाय पायजे ना?"

"ते उकळलेलं हाय. उकळल्यावर काय व्हत न्हाई."

"व्हतं का न्हाई ते तुमी ठरवणार? तुमी चौथी, मी तिसरी. ते डॉक्टरला ठरवू द्या."

"चूप बस. येळ न्हाई."

आता रॉकेल काढायचं होतं. डॉक्टर रॉकेलचा चक घेणार नाहीत एवढं मलाही कळत होतं. तिनं स्वयंपाकाची घागर उचलली, सगळी पातेल्यात ओतली, स्टोव्ह भडकवला, धुण्याचा सोडा टाकला. पहाटे चारला उभं राहून आणलेलं पाणी. दोनदा धुतलं, दोनदा ओतलं. डावी मूठ तशीच. जबडे फटींत धरूनच तिनं तो हात गरम पाण्यात घातला. तोंडातून आवाज काढला नाही, फक्त मान एका बाजूला वळली.

"एक," मी म्हणालो. तिनं पहिला दिला. "दोन." दिला. "तीन." जबडे बसले, नटाचे तुकडे बसले. माझा हात सवयीनं काळ्या ग्रीसच्या डब्याकडं गेला. तिनं डबा पायानं लांब सरकवला. कोरडीच बांगडी चढवली, वाइसमध्ये दाबली. फिरवून बघितला. करकर करत होता, पण तिन्ही जबडे एका ठिकाणी येऊन मिळत होते.

तासाच्या काट्याकडं न बघता मी पळालो. मागं अनवाणी पावलं वाजत होती. वळून बघितलं तर ही. हातात काही नाही, पदर खोचलेला, डाव्या हाताला लाल फोड येत असलेले.

"तू कशाला आलीस?"

"तुमी चला म्होरं."

बाबूरावनं चिमट्यानं चक घेतला आणि उकळत्या पाण्यात सोडला. वीस मिनिटं. मी उंबऱ्यावर. डॉक्टर हात वर धरून उभे, कुठं लागू नयेत म्हणून. भिंतीवरच्या घड्याळात बारा वीस. सोजरबाईचं तोंड दिसत नव्हतं, मधे कापड आडवं बांधलं होतं. एक हात तेवढा बाहेर. बांगड्या उतरवल्या नव्हत्या, वरून पट्टी गुंडाळली होती. बोटं हळूच मिटत होती, हळूच उघडत होती. मला वाटलं, गुंगीत आहे बाई.

पाण्याचा खळखळाट. महानंदा माझ्या मागं उभी होती, तिचा श्वास मानेला लागत होता. तिनं एकदा माझ्या सदऱ्याला मागून ओढ दिली. मी हललो नाही. दुसऱ्यांदा दिली. मी घड्याळाकडं बघत राहिलो.

मग ती मला कोपरानं बाजूला सारून पुढं झाली.

"डॉक्टरसाहेब, ते गंज न्हाई. आमच्या दुकानचं ग्रीस हाय. त्यात सेलमधला कोळसा हाय, मीच कुटते. ह्यांना ठावं नव्हतं, मशीन खिडक्यांचं म्हून आलं व्हतं. बाईच्या पायात गेलं आसंल तर आधी धुवून काढा."

एवढंच. मी तिच्याकडं बघू शकलो नाही. डॉक्टरांनी आधी माझ्याकडं बघितलं, मग बाबूरावकडं. बाबूरावनं पाण्यात बघितलं.

"कोळसा," डॉक्टर म्हणाले. "सेलचा." मग एकदम आवाज चढवला. "सलाईनच्या बाटल्या आणा. सगळ्या! दिवा इकडं घ्या."

पाय परत उघडला. मी मान फिरवून घेतली, पण कान उघडे होते. बाटली रिकामी व्हायचा गुडगुड आवाज, डॉक्टरांचं "अजून, अजून", मग लोखंड लोखंडावर घासल्याचा. बसलेले दोन्ही स्क्रू त्यांनी काढले, ती भोकंही धुतली. एकदा म्हणाले, "हे बघा, इथं होतं." कुणाला म्हणाले ठाऊक नाही. किती बाटल्या गेल्या मोजल्या नाहीत. अख्ख्या गावाला तेव्हा पाणी नव्हतं आणि त्या एका पायावरून पाणी वाहत होतं.

पावणेएकला चक मशीनवर चढला. डॉक्टरांनी बिट घातलं, चावी एका भोकात पिळली आणि मशीन उचललं. तेवढं बघून माझ्या जिवात जीव आला, कारण हे मला सांगता येत होतं.

"साहेब, तिन्ही भोकात."

"काय?"

"चावी. तिन्ही भोकात फिरवा. एका भोकात धरत न्हाई."

त्यांनी फिरवली. एक, दोन, तीन. बटण दाबलं. कोरड्या चकाचा करकर आवाज, मग बिट हाडात शिरल्याचा आवाज. तो आवाज मी कुठल्या लाकडात, लोखंडात ऐकलेला नाही. बिट धरलं. तिसरं, चौथं, पाचवं. सोजरबाईच्या पायाचा अंगठा हलला. "सुई उतरतेय," डॉक्टर म्हणाले. सहावं भोक आरपार झालं आणि वरचा पंखा मंद होत होत थांबला. लाईट गेली. शेवटचे स्क्रू त्यांनी खिडकीच्या उजेडात, हातानं पिळले.

बाहेर आल्यावर फडकं काढून ते महानंदाला म्हणाले, "बाई, हे आत राहिलं असतं तर पाय पिकला असता. तुम्ही बोललात ते बरं केलंत. तो हात दाखवा." तिच्या हाताला मलम लावलं. मला म्हणाले, "मिस्त्री, चक चांगला धरतो तुमचा." त्या वाक्याचा अर्थ ज्यानं त्यानं काढावा. मी काढला आहे.

आता माझी चूक इथं संपायला पाहिजे होती. संपली नाही. बाबूरावनं चहाच्या हॉटेलात सांगितलं, "आप्पानं अर्ध्या तासात चक जोडून बाईचा पाय वाचवला." त्याला स्वतःची खिडक्यांची थाप लपवायची होती, म्हणून त्यानं गोष्टीतून ग्रीस गाळलं. मला ग्रीस लपवायचं होतं, म्हणून मी खिडक्या गाळल्या. दोघांचं खोटं एकमेकांत नटाच्या दोन तुकड्यांसारखं बसलं. डॉक्टर बोलणारे नव्हते. महिन्याभरात दुकानात गर्दी. "तुमीच ना ते पायवाले मिस्त्री?" मी म्हणायचो, "हाव." गल्लीतल्या मंडळानं शाल-नारळ दिला. मी माइकवर अर्ध्या तासाची सगळी कथा सांगितली. वाइस, बांगडी, घड्याळ, तिन्ही भोकं, लाईट. टाळ्या पडल्या. महानंदा बायकांत मागं बसली होती.

घरी आल्यावर शाल घडी घालता घालता म्हणाली, "'मी पाय वाचवला' म्हणलाव. 'आमी' म्हणायला काय जात व्हतं?"

मी म्हणालो, "भाषणात तसंच म्हणतात."

त्यानंतर तिनं हा विषय काढला नाही. चाळीस वर्षं. मी मात्र सांगत राहिलो. प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला, पाव्हण्याला, ट्रेनिंगला येणाऱ्या पोरांना. सांगून सांगून मलाच खरी वाटायला लागली होती. काळं ग्रीस तेवढं मी बंद केलं नाही. आलेल्या माणसाला आधी विचारायचो, "खरं सांग, कशाला वापरणार?" लोकांना वाटायचं, आप्पा चौकस आहे.

सोजरबाई बरी झाली. पाय जरासा आखूड राहिला, पण विहिरीत नाही तरी शेतात राबली. दरवर्षी मार्गशीर्ष-पौषात तुरीच्या ओल्या शेंगांची पिशवी घेऊन एसटीनं यायची. मी गल्ल्यावर बसलेला असायचो. मला "शरणार्थ आप्पा" असा नमस्कार करायची आणि सरळ मधल्या दारानं आत. शेंगा महानंदाच्या पदरात ओतायची. दोघी शेंगा सोलत बसायच्या. मी एकदा चेष्टेनं म्हणालो, "सोजरबाई, पाय मी जोडला आन शेंगा हिला व्हय?" ती हसली नुसती. मला वाटलं, बायकांचं बायकांत.

महानंदा पौषात गेली. फार आजारी नव्हती, आठ दिवस ताप, दवाखाना, आणि संपलं. आंघोळ घालणाऱ्या बायका मला म्हणाल्या, "आप्पा, डाव्या हाताच्या बोटांच्या फटीतलं काळं निघंना. लई घासलं." मी म्हणालो, "ऱ्हाऊ द्या." आमच्या लिंगायतांत जाळत नाहीत. बसवून पुरतात. तो हात तिच्या मांडीवर ठेवलेला मी बघितला आणि वरून मातीची पहिली मूठ टाकली.

पंधरा दिवसांनी सोजरबाई आली. हातात काठी, काखेत पिशवी. तिला खबर नव्हती. सरळ मधल्या दाराकडं निघाली. मी म्हणालो, "आत कुणी न्हाई बाई." ती थांबली. भिंतीवरच्या हिच्या हार घातलेल्या फोटोकडं बघितलं, आणि तिथंच उंबऱ्यावर बसली. मग म्हणाली, "मला दाखवा कुठं ठिवलंय."

रिक्षानं गेलो. माती अजून ओली होती, मी रोज तांब्याभर पाणी घालतो. तिथं उभं राहून मला वाटलं, आता सांगितलं नाही तर कुणालाच सांगणार नाही. म्हणालो, "सोजरबाई, एक खोटं तुला सांगत आलो. तुझा पाय मी वाचवला न्हाई. मी डॉक्टरला गंज म्हणालो व्हतो. ते गंज नव्हतं. माझं ग्रीस व्हतं. हिनं सांगितलं म्हून धुतलं."

ती माझ्याकडं वळलीसुद्धा नाही.

"मला सांगताव व्हय आप्पा?" ती म्हणाली. "मी जागीच व्हते की तवा. कमरंखालचं मेलं व्हतं, कान न्हाई मेले. तुमी 'हाव' म्हणलाव ते बी ऐकलं, आन बाई बोलली ते बी ऐकलं."

मला तो बाहेर आलेला हात आठवला. पट्टी गुंडाळलेल्या बांगड्या. मिटणारी, उघडणारी बोटं.

"चाळीस वर्सं बोलली न्हाईस," मी म्हणालो.

"बाईनं नगं म्हणलं. पयल्याच वर्सी. म्हणली, त्यांचं दुकान हाय."

मग तिनं पिशवी उघडली. मी हात पुढं केले, उगाच. इतक्या वर्षांत शेंगा माझ्या हातात कधी आल्या नव्हत्या. आताही आल्या नाहीत. तिनं काठी खाली ठेवली, आखूड पाय लांब पसरून मातीजवळ बसली आणि पिशवी तिथंच रिकामी केली. शेंगा हातानं सारख्या केल्या.

मी हात मागं घेतले. जिच्या शेंगा तिच्याकडं गेल्या.